श्रावणात चेतक प्यायली

खुलताबादेत श्रावणातल्या शनिवारी पहाटे दोन आवाज येतात. पहिला, छत्रपती संभाजीनगरहून रात्रभर पायी चालत भद्रा मारुतीला निघालेल्या मंडळींच्या जयजयकाराचा. दुसरा, एका निवृत्त गणिताच्या गुरुजींच्या १९९१ सालच्या बजाज चेतकला बसणाऱ्या किकांचा. पहिल्या आवाजाला शेकडो घसे लागतात. दुसऱ्याला गुरुजी एकटे पुरतात.

चेतकला दोन किका लागतात. एक नाही, तीन नाहीत. स्कूटर आधी एका अंगावर झुकवायची, कार्ब्युरेटरात पेट्रोल उतरेपर्यंत मनात पाच आकडे मोजायचे, सरळ करायची, चोक ओढायचा आणि मग एक, दोन. चौतीस वर्षांत हा विधी मोडलेला नाही. नातवाला शाळेत चेतक हा महाराणा प्रतापांचा घोडा असल्याचं शिकवलं, तेव्हा त्याने घरी येऊन विचारलं होतं, “आजोबा, मग महाराणा प्रताप पण आधी घोडा तिरका करायचे का?”

२०२५ च्या श्रावणात मात्र दुसऱ्या शनिवारी आकडा सत्तावीसवर गेला. गुरुजींना मोठ्याने मोजायची खोड आहे. बारानंतर रस्त्याने जाणारे भाविक थांबू लागले. सोळाला घोळका झाला. ज्यांच्या स्वतःच्या तळपायांना फोड आले होते, ते लोक गुरुजींच्या पायाची कीव करू लागले. एक म्हणाला, चोक बंद करा. दुसरा म्हणाला, प्लग काढून फुंका. तिसरा काहीच न बोलता टाकीचं झाकण उघडून वास घेऊन आला आणि वैद्याने नाडी सोडावी तसं झाकण लावून म्हणाला, “गुरुजी, उगं पाय मोडून घेऊ नका. हे इथेनॉलचं काम आहे.”

झालं. घोळक्यातल्या प्रत्येकाला आपापली गाडी आठवली. कुणाची मोटारसायकल ॲव्हरेज देईना, कुणाच्या मेहुण्याची मारुती ८०० घाटात दम टाकते, कुणाचा हॉर्न घोगरा झाला होता. पहाटे साडेपाच वाजता सगळ्यांना एकच आरोपी सापडला. भद्रा मारुती झोपलेल्या मुद्रेत आहे म्हणून, नाहीतर त्यालाही कुणीतरी उभं करून साक्ष विचारली असती.

प्रस्तुत लेखक गुरुजींचा शेजारी. त्याच्याकडे २०१७ ची मोटारसायकल आहे आणि तिच्याविषयीचं त्याचं ज्ञान टाकी कुठून उघडते इथपर्यंतच पोचलेलं आहे. पण मोबाइलवर येणारे सगळे व्हिडिओ तो शेवटपर्यंत पाहतो, त्यामुळे गल्लीत तो तज्ज्ञ समजला जातो. गुरुजींनी त्याला बोलावून घेतलं आणि दारातच विचारलं, “हे इथेनॉल म्हणजे नक्की काय?”

“दारू,” लेखक म्हणाला.

हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं, पण वेळ चुकली. आतून गुरुजींच्या पत्नीने ऐकलं. श्रावण चालू, शनिवारचा उपवास, ओट्यावर साबुदाणा भिजलेला. त्या बाहेर आल्या आणि स्कूटरकडे अशा नजरेनं पाहू लागल्या, जणू ती रात्री उशिरा घरी आली असावी.

“अहो, म्हणजे गेले कित्येक महिने ही पिऊन मला देवळात नेत होती?”

“वीस टक्केच आहे वहिनी,” लेखकाने दिलासा दिला.

“तरीच घाटात डुलते.”

खरं तर ही सवय गाड्यांना काल लागलेली नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ साली तीन ठिकाणी झाले. त्यांतली दोन महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. त्याच मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर मराठवाड्याकडे निघतात. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाची योजना सुरू झाली. जून २०२२ मध्ये सरासरी दहा टक्के गाठले गेले. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई-२० पेट्रोलचा प्रारंभ झाला आणि आधी २०३० साठी ठरवलेलं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्येच पूर्ण झालं. सरकारी उद्दिष्ट पाच वर्षं आधी पूर्ण होतं, हेच मुळात लोकांना संशयास्पद वाटलं. खुलताबादकरांना वेळेआधी येणारी एसटीसुद्धा चुकीची वाटते.

बरं, हे इथेनॉल येतं कुठून? उसाच्या मळीतून, उसाच्या रसातून, मक्यातून आणि तांदळातूनही. ७ डिसेंबर २०२३ ला, पावसाने ओढ दिलेल्या वर्षात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, तेव्हा मक्याने उसाला मागे टाकलं. मका म्हणजे तर कन्नड-सिल्लोडचं घरचं पीक. लेखकाने हे सांगितल्यावर गुरुजींनी हिशेब मांडला: ऊस, मका, तांदूळ. “म्हणजे हिला मी जेवायला वाढतोय,” ते म्हणाले. “आणि त्या मक्याचं इथेनॉल ७१ रुपये ८६ पैसे लिटरनं घेतात म्हणे. मग पेट्रोल शंभरच्या वर का?” या प्रश्नावर तज्ज्ञाचा कोणताही व्हिडिओ उपयोगी पडला नाही.

गुरुजींचा खरा राग भेसळीवर होता. हे ऐकून गल्लीतला एक जुना रिक्षावाला खो खो हसला. त्याला हसण्याचा अधिकार होता. टू-स्ट्रोक चेतकच्या टाकीत पेट्रोलबरोबर दोन टक्के ऑइल घालावं लागतं. गुरुजी चौतीस वर्षं ते मापाने मोजून स्वतःच्या हाताने घालत आले आहेत. देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, तेव्हाही आता इंजिनाचे व्हॉल्व्ह झिजणार म्हणून त्यांनी आठवडाभर झोप गमावली होती. चेतकच्या इंजिनात तसले व्हॉल्व्ह नसतातच, हे त्यांना आठव्या दिवशी कळलं. आणि रिक्षावाल्याचं म्हणाल तर रेशनच्या रॉकेलला भेसळ ओळखू यावी म्हणून निळा रंग देत, त्या काळात त्याच्या रिक्षाचा धूरही निळा असायचा. “आम्ही कधी तिला काय पाजलं ते विचारलं का?” तो म्हणाला. “ती बी काही बोलली नाही.”

तरी शंका होतीच. लेखकाने मोबाइलवर पाहिलेला प्रयोग करायचं ठरलं. साहित्य: पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली, खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं झाकण, स्केचपेन. स्थळ: गच्ची, कारण स्वयंपाकघरात पेट्रोल आणायला सक्त मनाई झाली होती. गुरुजींनी दहा झाकणं पेट्रोल मोजून ओतलं, वर दोन झाकणं पाणी घातलं, बूच लावून बाटली हलवली आणि कठड्यावर ठेवली. पाच मिनिटं दोघं श्वास रोखून बसले. बाटलीत दोन थर झाले. वर फिकट पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा थर. घातलं होतं दोन झाकणं, पण खालचा थर भरला जवळपास चार झाकणांचा. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याच्या ओढीने खाली उतरून बसलं होतं.

गुरुजींनी दोन्ही थरांवर खुणा केल्या, वजाबाकी केली आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. “वीस टक्के. उत्तर बरोबर.” सरकारचा आकडा जुळल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. क्षणभर ते स्कूटर विसरलेसुद्धा.

इथे थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता.

पण लेखकाची नजर बाटलीतल्या वरच्या थरावर गेली. “गुरुजी, हे वरचं पेट्रोल म्हणजे इथेनॉल काढलेलं. शुद्ध. जुन्या काळचं.” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विज्ञानाचा इतिहास अशा नजरांनी भरलेला आहे; त्यातल्या बहुतेक नजरांनंतर काहीतरी पेटलं आहे. इथे सुदैवाने पेटलं काहीच नाही, चेतकसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पाच लिटर पेट्रोल कॅनमध्ये ‘धुतलं’ गेलं. नळाचं पाणी घालून कॅन हलवायचा, थर बसू द्यायचा, वरचं अलगद काढून घ्यायचं. या शुद्धीकरणाला पत्नीने ‘सोवळं पेट्रोल’ असं नाव दिलं. तळाला उरलेल्या द्रवाचं काय करायचं, हा प्रश्न कुणालाच आधी सुचला नव्हता. तो कॅन अजून गच्चीच्या कोपऱ्यात आहे आणि त्यावर खडूने ‘हात लावू नये’ असं लिहिलेलं आहे. तेलकंपन्या इथेनॉल मिसळताना त्याच्या वरच्या ऑक्टेनचा हिशेब आधीच धरतात, म्हणजे धुतलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही खाली येतो, ही माहिती लेखकाला नंतर मिळाली. उपयोगी माहिती त्याला नेहमी नंतरच मिळते.

सोवळं पेट्रोल टाकीत पडलं. मग ॲव्हरेज मोजायचं ठरलं. खुलताबादेत ॲव्हरेज मोजणं हा एक स्वतंत्र विनोद आहे. गाव डोंगरावर. वेरूळकडे जायचं तर घाट उतरायचा, म्हणजे इंजिन बंद ठेवलं तरी गाडी घृष्णेश्वराच्या बाजूला जाते. येताना तोच घाट चढायचा. म्हैसमाळला जायचं तर चढच चढ. दौलताबादेकडे निघालं तर किल्ल्याच्या दरवाजात बस अडकलेली असते आणि तिथे पंधरा मिनिटं उभं राहून स्कूटर एक इंचही न हलता पेट्रोल पिते. गुरुजी उतारावर मोजलेलं ॲव्हरेज आपल्या चेतकचं मानतात आणि चढावर मोजलेलं सरकारचं.

इथेनॉलने ॲव्हरेज घटतं हे खोटं नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे की, मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवून घेतलेल्या गाड्यांचं ॲव्हरेज ई-२० वर घटेल: चारचाकीचं सहा ते सात टक्के, दुचाकीचं तीन ते चार टक्के. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की ही घट मोठी नाही आणि काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, तेही स्वस्तात. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ई-२० विरुद्धची याचिका फेटाळली. ब्राझीलने त्याच ऑगस्टमध्ये तीस टक्क्यांवर उडी मारली होती. पण ब्राझील १९७५ पासून या उद्योगात आहे आणि तिथल्या गाड्या त्या हिशेबानेच बनतात. आपल्याकडे एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई-२० सोसतील असे घडवलेले असतात. लेखकाने आपल्या २०१७ च्या गाडीचं माहितीपुस्तक आठ वर्षांत पहिल्यांदा उघडलं, ते या निमित्ताने. त्यात दहा टक्क्यांपर्यंत चालेल असं छापलं होतं. पंपावर दुसरं काही मिळतच नाही, त्यामुळे त्याने पुस्तक मिटून पुन्हा फ्रिजच्या पायाखाली सारलं. फ्रिज आता डुगडुगत नाही, एवढा त्या पुस्तकाचा फायदा आहे.

आता हिशेब बघा. चेतकचं ॲव्हरेज चाळीस धरलं तर चार टक्के म्हणजे लिटरमागे दीड किलोमीटरच्या आसपास. गुरुजी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याशी बोलायला स्कूटर बंद न करता थांबतात, तेव्हा याहून जास्त जळतं. शिवाय त्यांच्या मागच्या चाकात हवा कमी होती आणि डिकीत तीन वर्षांपासून खलबत्ता होता. तो कुठे द्यायचा होता हे आता कुणालाच आठवत नाही.

चाचणीच्या दिवशी वेरूळपर्यंतचा प्रवास अप्रतिम झाला. “बघा, सोवळ्या पेट्रोलचा गुण!” गुरुजी घाट उतरताना ओरडले. प्रस्तुत लेखक मागे बसून वहीत आकडे लिहीत होता. परतीला घाटाच्या पहिल्याच वळणावर चेतकने दोन आचके दिले, एकदा खोकली आणि गप्प झाली. तिला तिरकी केली. सरळ केली. पुन्हा तिरकी केली. एकेचाळीस किका झाल्या. लेणी बघून परतणाऱ्या एका सहलीच्या बसमधल्या पोरांनी खिडकीतून पुढचे आकडे मोजायला मदत केली. शेवटी ऊस नसलेल्या मोकळ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत चेतक चढवण्यात आली. ट्रॉलीत उभ्याने परतताना गुरुजींनी लेखकाच्या हातातली वही घेतली, ॲव्हरेजच्या रकान्यात ‘ट्रॉली’ असं लिहिलं आणि वही परत दिली.

मिस्तरीचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक लाकडी पेटी आणि एक पोऱ्या. मिस्तरीने काही विचारलं नाही. जुना मिस्तरी आधी ऐकत नाही, आधी खोलतो. त्याने पेट्रोलची रबरी नळी काढली आणि बोटाने दाबून दाखवली. ती फुगलेली, मऊ पडलेली, टोकाला भेंडीसारखी लिबलिबीत झालेली. मग कार्ब्युरेटरचा खालचा वाडगा उघडला. तळाला मातकट गाळ आणि गाळावर वाटाण्याएवढे दोन थेंब, बाकीच्या पेट्रोलमध्ये न मिसळता वेगळे गोल फिरणारे. त्याने जेट काढला, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. भोक दिसेना. तोंडाने फुंकला, थुंकला, पुन्हा धरला. सुईएवढा उजेड आला.

“गुरुजी, गाडी किती दिवस उभी होती?”

“तीन महिने. पुण्याला होतो, मुलाकडे.”

“कॉक बंद केला होता?”

गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं.

मिस्तरीने मग सांगितलं ते असं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पेट्रोल भरून गाडी महिनोन् महिने पावसाळ्यात उभी ठेवायची नसते. जुन्या नळ्या, वॉशर, गॅस्केट फुगवतं, हेही खरं. आणि तिसरं म्हणजे ते जुनी घाण सोडवतं. नवा कडक तहसीलदार बदलून आला की पहिल्या आठवड्यात सगळी जुनी दप्तरं उपसतो आणि मग कचेरीत कुणालाच चालायला जागा उरत नाही, तसं. चौतीस वर्षांचा टाकीला धरलेला थर सुटतो आणि पुढे येऊन जेटमध्ये बसतो. एकदा टाकी धुतली, नळी बदलली की बहुतेक वेळा निभतं.

“पण हे पाणी?” त्याने वाडग्यातल्या थेंबांकडे बोट केलं. “एवढं पाणी हवेतून नाही येत. हे कुणीतरी ओतलंय. कुठल्या पंपावर भरता?”

शेडमध्ये शांतता पसरली. पोऱ्याने पाना खाली ठेवला. लेखकाला अचानक घरी काम आठवलं. गुरुजी खरं बोलणारे. त्यांनी कॅन, झाकण, दोन थर, सोवळं पेट्रोल, सगळं क्रमाने सांगितलं. वजाबाकीसुद्धा करून दाखवली. मिस्तरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चिंधीला हात पुसले आणि निकाल दिला.

“म्हंजे यात इथेनॉल वीसच टक्के आहे, गुरुजी. बाकीचे ऐंशी टक्के तुम्ही दोघं.”

नवी नळी, नवं गॅस्केट, टाकी धुणं आणि पोऱ्याचा चहा, एवढ्यात काम झालं. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला तेव्हापासून या जिल्ह्यात चेतकचे भाग ओळखणारी माणसं कमी पडलेली नाहीत, ही गुरुजींची जमेची बाजू. कंपनीने २००९ साली स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं आणि २०२० साली त्याच नावाची विजेची स्कूटर आणली. समोरच्या घरात ती आहे. तिला पेट्रोल नाही, ऑइल नाही, इथेनॉल नाही. “आणि किकपण नाही,” गुरुजी म्हणतात. “मग चालू झाली हे कळतं कसं?”

चेतक सध्या चालू आहे. फक्त आता तिला तीन किका लागतात. ही वाढलेली एक किक कुणाच्या खात्यावर टाकायची, यावर गुरुजी आणि प्रस्तुत लेखक यांच्यात मतभेद आहेत, आणि मिस्तरीला विचारायची दोघांचीही तयारी नाही. तुम्ही शनिवारी कधी भद्रा मारुतीला आलात आणि रस्त्याच्या कडेला एक गृहस्थ स्कूटर झुकवून मनात पाच आकडे मोजताना दिसले, तर नमस्कार जरूर करा. पण इथेनॉलचा विषय काढू नका. त्यांच्याकडे आता वही आहे.